फेसाचे सात फोटो आणि मग अडलेला कॅमेरा

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पलूसकडचा एक पोरगा आहे, त्यांच्या मळ्यातल्या विहिरीत उन्हाळ्यात गावातली पोरं पोहायला येतात, त्यांचे पाण्याखालून फोटो काढतो. कॅमेरा साधाच, २४ मेगापिक्सेलचा, सेकंदाला ६ फोटो काढणारा, सेकंडहँड हाऊसिंगमध्ये, म्हणजे पाणी आत न जाणाऱ्या डब्यात घातलेला. तक्रार अशी की पोरानं उडी मारली की हा बटण दाबून धरतो, दहा-अकरा फोटो खटाखट निघतात आणि मग कॅमेरा अडतो, लाल दिवा आठ-एक सेकंद तसाच पेटलेला, तोवर पोरगं वर जाऊन पायरीला लागलेलं असतं. रॉ (सेन्सरकडनं आलेली कच्ची फाईल) अधिक जेपेग (कॅमेऱ्यानं तयार करून दिलेली लहान फाईल) दोन्हीवर काढतो. कार्डावर सेकंदाला १७० एमबी लिहिलंय तरी असं का, आता जास्त वेगाचं व्ही९० कार्ड घेऊ का बॉडीच, म्हणजे कॅमेराच बदलू, असं विचारलंय. सोबत नमुन्याला दोन उड्यांचे सगळे फोटो पाठवलेत, ते बरं केलं, कारण खरं दुखणं त्यातच दिसलं.

भावा, काहीच घेऊ नको. निदान हे सगळं वाचून घरी एकदा टेस्ट करेपर्यंत तरी पैसे खिशातच ठेव.

तू पाठवलेल्या पहिल्या उडीच्या अकरा फोटोंत सात फोटो नुसता पांढरा फेस आहे. पोरगं दिसतच नाही, एकात टाच दिसते. आठव्यापासून फेस विरायला लागतो, दहाव्यात तोंड दिसायला लागतं, अकराव्यात डोळे उघडलेत आणि तिथं तुझा कॅमेरा बंद. म्हणजे कॅमेऱ्याची सगळी ताकद तू फेसावर घालवलीस आणि ज्याच्यासाठी पाण्यात उतरलास तो क्षण आला तेव्हा हातात नुसता डबा. हे कुठल्याही कार्डानं सुटणार नाही. पण बफर म्हणजे काय ते आधी नीट सांगतो, नाहीतर पुढचं अर्धं डोक्यावरून जाईल.

आपल्याकडं हे समजवायला फार सोपं आहे, कारण तू ऊसपट्ट्यातला. फडात टोळ्या जोरात तोडतात, ऊस ट्रॅक्टरनं कारखान्यावर जातो, पण कारखान्याची गाळपाची गती ठरलेली, त्यापेक्षा जास्त तो खात नाही. मग जास्तीचा ऊस कुठं थांबतो, तर यार्डात. गाड्या लायनीत उभ्या, ड्रायव्हर खाली झोपलेले, एकेक गाडी काट्यावरनं गव्हाणीकडं सरकते. यार्डात जागा आहे तोवर तोड चालू राहते. यार्ड भरलं की चिटबॉयचा, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाचा निरोप, तोड थांबवा, मग जेवढ्या गाड्या रिकाम्या होतील तेवढीच पुढची तोड. कॅमेऱ्यात फड म्हणजे सेन्सर, यार्ड म्हणजे बफर, ती आतली तात्पुरती मेमरी (रॅम) असते, आणि कारखाना म्हणजे कार्डावर लिहायचा वेग. तुझे पहिले अकरा फोटो जोरात निघतात कारण यार्ड रिकामं असतं. नंतर अडत अडत एकेक निघतो, तो कार्डाच्या वेगानं निघतो. आणि लाल दिवा म्हणजे गाळप चालू आहे एवढंच, बिघाड नव्हे.

आता आकडे. तू दिलेल्या माहितीवरनं मी उलटं गणित मांडलं. २४ मेगापिक्सेलची १४ बिटची रॉ फाईल अजिबात न दाबता ठेवली तर ४२ एमबीची होते, पण बहुतेक कॅमेरे ती दाबून ठेवतात, तुझ्या फाईली बघितल्या तर साधारण २८ एमबीच्या आहेत, वर जेपेग ८ एमबीचं. म्हणजे एका क्लिकला ३६ एमबी. अकरा फोटो म्हणजे ३९६ एमबी. हे सगळं कार्डावर जायला लागले ते पावणेदोन-दोन सेकंद दाबून धरलेले आणि नंतरचे आठ, म्हणजे दहा सेकंद धर. ३९६ भागिले १०, साधारण ४०. तुझं १७० चं कार्ड तुझ्या कॅमेऱ्यात सेकंदाला ४० एमबी लिहितंय. आणि यार्ड साधारण ३२० एमबीचं आहे, ४० च्या वेगानं रिकामं व्हायला आठ सेकंद, तुझा दिवाही तेवढाच वेळ पेटतो, हिशोब जुळला.

मग १७० कुठं गेलं? ते वाचायचा वेग आहे. कार्डावरनं कॉम्प्युटरवर फोटो उतरवताना लागतो तो, आणि तोही त्या कंपनीच्या स्वतःच्या रीडरनंच. मोठ्या अक्षरात तोच छापतात, लिहायचा वेग पाकिटाच्या मागं बारीक असतो किंवा नसतोच. तुझ्या कार्डावर रोमन एकचा आकडा आहे ना, म्हणजे ते यूएचएस-वन, तो कार्ड आणि कॅमेऱ्यामधला डेटा जायचा रस्ता समज, त्या रस्त्याची मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी, त्याच्या वर कुठलाच कॅमेरा तिथनं जाणार नाही, प्रत्यक्षात ७०-८० मिळाले तरी मी खूश असतो. यूएचएस-टू ची मर्यादा ३१२, पण त्याला मागं पिनांची दुसरी ओळ असते आणि ती कॅमेऱ्यातही असावी लागते. तुझ्या कॅमेऱ्यात ती नाही, मी मॉडेल बघितलं. तू म्हणतोस ते व्ही९० कार्ड यूएचएस-टू असतं, ते तुझ्या कॅमेऱ्यात घातलंस तर बसेल, चालेल, पण जुन्याच एका ओळीवर चालेल. म्हणजे सहापदरी रस्त्यावर पळायची गाडी पाणंदीत घालायची. दुकानदार हे सांगत नाही, त्याला सांगायचं कारणही नाही.

ते व्ही३०, व्ही६०, व्ही९० असतं ना, तो मात्र कामाचा आकडा आहे, सलग लिहिताना किमान ३०, ६०, ९० एमबीच्या खाली येणार नाही अशी हमी. मूळ ती व्हिडिओसाठी आहे. फोटोत पाच सेकंदाची झटापट असते त्यामुळं तिथं किमान आकड्यापेक्षा खरा लिहायचा वेग किती ते बघायचं. मोठ्या बॉडीत सीएफएक्सप्रेस कार्डं असतात, त्यांच्या २.० पिढीत टाइप ए ची मर्यादा साधारण १००० एमबी आणि टाइप बी ची २००० च्या आसपास, तिथं यार्ड भरायच्या आधी आपला दम संपतो, तो विषयच वेगळा.

तुझ्याकडं परत येतो. ४० का, ७० का नाही? दोनच शक्यता, एक तर कार्ड मंद आहे किंवा कॅमेराच मंद आहे. मित्राचं चांगलं कार्ड एक दिवस मागून घे आणि तीच टेस्ट कर. वेळ तेवढाच लागला तर कॅमेऱ्याची गती तेवढीच, कार्डाचा नाद सोड. वेळ निम्म्यावर आला तर तुझं कार्ड मंद, आणि स्वस्तात घेतलं असशील तर डुप्लिकेटही असू शकतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट टूल आहे, मॅक आणि लिनक्सला एफ३, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं, ६४ जीबी लिहिलेलं खरं किती आहे ते कळतं. कार्डावरचं आधी सगळं काढून घे, आणि रात्री लावून झोप, लय वेळ खातं.

टेस्ट कशी करायची ते सांगतो, मी प्रत्येक नव्या कार्डाची ही करतो. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, कॉम्प्युटरवर नाही. मॅन्युअल फोकस, शटर ५०० ला एक (सेकंदाचा पाचशेवा भाग), आयएसओ (उजेड पकडायची संवेदनशीलता) ठरलेला, फ्लॅश बंद. समोर झाडबीड काहीतरी बारीक डिटेलवालं धर, भिंत नको, कारण कोऱ्या भिंतीची फाईल लहान होते आणि आकडा खोटा येतो. मोबाईलवर आवाज रेकॉर्डिंग लाव, बटण दहा सेकंद दाबून धर, सोड, आणि दिवा विझला की तोंडानं "विझला" म्हण. मग रेकॉर्डिंग ऐकत बस, किती जोरात निघाले, कुठं अडला, कधी विझला सगळं त्यात असतं. एकूण एमबी भागिले पहिल्या क्लिकपासून दिवा विझेपर्यंतचे सेकंद, झाला तुझा खरा वेग. नुसत्या रॉवर तुझ्या कॅमेऱ्यात साधारण २६ फोटो यावेत, ७२८ एमबी, अठरा-एक सेकंदात. फार वेगळं आलं तर मला सांग.

आणि आता ही गंमत बघ, याच्यासाठीच एवढं गणित केलं. रॉ अधिक जेपेग सोडून नुसतं रॉ केलंस, तर त्याच कार्डात त्याच कॅमेऱ्यात अकराचे पंधरा फोटो होतात. वर सेकंदाला सहाचे तीन केलेस तर यार्ड भरायला सात सेकंद लागतात, एकवीस-बावीस फोटो. सात सेकंद तुझं कुठलं पोरगं पाण्याखाली थांबतंय? आता समज पैसे घालून सेकंदाला ७५ एमबीनं लिहिणारं कार्ड घेतलंस आणि वेग सहाच ठेवलास, तर किती, वीस. म्हणजे फुकटात केलेला बदल विकतच्या कार्डापेक्षा एक-दोन फोटो जास्तच देतो. दोन्ही केलंस, ७५ चं कार्ड आणि सेकंदाला तीन, तर सेकंदाला येणारा माल ८४ एमबी आणि जाणारा ७५, यार्ड भरायला पस्तीस सेकंद, म्हणजे भरतच नाही म्हण. तीनचा मोड नसेल तुझ्या कॅमेऱ्यात तर बोटानंच दोन-दोनचे टिचके मारायचे, तेही चालतं, मी तर बहुतेक वेळा तसंच काढतो.

जेपेगच का काढू नये, फाईल लहान, अडणारच नाही, असंही कुणीतरी सांगेल तुला. स्विमिंग टँकवर बर्थडेचे फोटो असतील तर काढ बिनधास्त. विहिरीत नको. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं, चार-पाच मीटरवर तो जवळजवळ गेलेला असतो, आणि हे अंतर नुसतं खोलीचं नाही, उजेड वरनं पोरापर्यंत येतो आणि पोरापासून तुझ्या लेन्सपर्यंत येतो ते सगळं मोजायचं. वर आपल्या विहिरींचं पाणी शेवाळानं हिरवं. जेपेगमध्ये पोराची कातडी जी हिरवट होऊन बसते ती नंतर सोडवता सोडवत नाही, रॉमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, मागनं हवा तसा फिरवता येतो. कॅमेऱ्यात १२ बिट आणि १४ बिट असा पर्याय असेल तर १२ ठेव, फाईल लहान होते आणि एवढ्या गढूळ उजेडात दोन बिटांचा फरक मला तरी कधी दिसला नाही. दाबलेली रॉ असेल तर ती घे.

मेनूत आणखी दोन-तीन गोष्टी यार्ड छोटं करून ठेवतात. हाय आयएसओ नॉइज रिडक्शन, लेन्सचं डिस्टॉर्शन करेक्शन, सावल्या उजळणारं ते ऑटो काहीतरी असतं, प्रत्येक कंपनीत नाव वेगळं. हे सगळं प्रोसेसरला काम लावतं आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यानं सलग निघणारे फोटो कमी होतात, मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं पण मॅन्युअल वाचतंय कोण. रॉ काढणाऱ्याला याचा उपयोग नाही, बंद कर. फोटो काढला की स्क्रीनवर दोन सेकंद दिसतो तेही बंद कर. आणि कॅमेऱ्यात कार्डाचे दोन स्लॉट असतील, तुझ्यात नाहीत, पण दुसऱ्या कुणाच्या असतील, तर दोन्हीवर एकदम लिहायला लावलंत की वेग हळू कार्डाचा मिळतो हे लक्षात ठेवा. काही बॉडीत एक स्लॉट यूएचएस-टू आणि दुसरा यूएचएस-वन असतो, सोनीच्या ए७ थ्री मध्ये असाच आहे, लोक महागाचं कार्ड दुसऱ्या स्लॉटात घालून वर्षभर रडतात.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला कळायला दोन सीझन गेले. कॅमेरा अडला म्हणजे दरवेळी बफरच भरला असं नसतं. पाण्याखाली अडायची अजून दोन कारणं असतात आणि हाऊसिंगमधनं ती सारखीच वाटतात, दाबतोय आणि निघत नाही.

एक म्हणजे फोकस. गढूळ पाण्यात ऑटोफोकसला काही सापडत नाही, लेन्स पुढं-मागं पळत राहते आणि फोकस लागल्याशिवाय शटर सुटत नाही. लाल दिवा पेटलेला नसेल आणि तरी निघत नसेल तर हेच. विहिरीत मी फोकस एकदा पायरीच्या दगडावर लावतो, साधारण हातभर-दीड हातावर, आणि लॉक करून टाकतो. वाइड लेन्स आणि छिद्र एफ ८ असलं की पुढं-मागं बरंच खपून जातं.

दुसरं म्हणजे फ्लॅश. बाहेरचा स्ट्रोब, म्हणजे हाऊसिंगबाहेर लावलेला मोठा फ्लॅश, फुल पॉवरला मारला की परत भरायला साधारण दीड-दोन सेकंद लागतात. सेकंदाला सहा फोटो काढलेस तर एक उजळ आणि बाकीचे काळे. त्याहून वाईट म्हणजे, बरेच जण कॅमेऱ्याचाच छोटा फ्लॅश आत ठेवून फायबरच्या केबलनं बाहेरचा स्ट्रोब पेटवतात, तो छोटा फ्लॅश ऑटोवर असला तर फुल मारतो आणि मग तोच भरायची वाट बघत काही कॅमेरे शटरच सोडत नाहीत. मालवणला माझं हे झालंय. २०१२-१३ ची गोष्ट असंल, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला खडकात एक छोटा मासा अगदी समोर, मी दाबतोय, कॅमेरा गप्प. वर आल्यावर सगळ्यांना सांगत सुटलो की कार्ड बाद आहे. सांगलीत येऊन नवीन कार्ड घेतलं, पुढच्या खेपेला राधानगरी-फोंडा घाटानं परत तिथंच, परत तेच. मग एका डाइव्ह शिकवणाऱ्यानं विचारलं, आतला फ्लॅश मॅन्युअलला आहे का? नव्हता. सगळ्यात कमी पॉवरला आणला, प्रश्न मिटला, केबलला तेवढी ठिणगी पुरते. नवीन कार्ड घरात पडलं. म्हणून फ्लॅश लावून मॅक्रो, म्हणजे छोट्या गोष्टींचे अगदी जवळनं फोटो काढणाऱ्यांना मी सांगतो, बफर आणि कार्डाच्या वेगाचा विचारच करू नका, तुमचा वेग स्ट्रोब ठरवतो.

विहिरीत मी फ्लॅश लावतच नाही. पोरांच्या पायानं गाळ उठलेला असतो आणि प्रत्येक कणावर उजेड पडून बर्फ पडल्यासारखं दिसतं. त्याऐवजी वेळ साधायची. एप्रिल-मेमध्ये साडेबारा ते दीडच्या दरम्यान ऊन विहिरीत सरळ उतरतं, पाण्यात तिरीप दिसते, पायऱ्यांच्या कडा उजळतात, आयएसओ ४०० ला शटर ५०० मिळतं. अडीचनंतर काठाची सावली पाण्यावर चढायला लागते की गुंडाळायचं. एक जाता जाता सांगतो, साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर बघून कितीतरी जणांना तिथं उतरून फोटो काढायची खुमखुमी येते. जुनी, वारशाची जागा आहे ती, वरनं काढा, मनसोक्त काढा, आत उड्या मारायला आपली मळ्यातली विहीर आहे.

तर फेस. उडीचा आवाज पाण्याखाली कानावर येतो धप्प असा, आणि बोट आपोआप बटणावर जातं, हे सगळ्यांचंच होतं. मुटका (अंग गोळा करून मारलेली उडी) मारलेला असेल तर पोरगं आपल्याबरोबर भसाभस हवा घेऊन येतं, पहिला सेकंद तो पांढरा ढगच असतो. सूर मारणारं पोरगं असेल तर फेस कमी, बाणासारखी एक रेघ येते आणि तोंड लवकर मोकळं होतं. म्हणून वरच्या माणसाला सांगून ठेवायचं, ओरडून सांग बाबा मुटका का सूर. मुटका असेल तर धप्प ऐकलं की मनात "एक हजार एक" म्हणायचं आणि मग दाबायचं. सूर असेल तर लगेच. फेसाचेही फोटो चांगले दिसतात हे कबूल, मग धप्पला दोन घे, बोट उचल, एक म्हण, आणि मग सहा-सात घे. बोट उचललेलं असतं त्या सेकंदात यार्डातनं एक-दोन गाड्या गाळपाला जातात, तेवढी जागा पुढं कामाला येते.

आणि डबा बांधलेली लहान पोरं असतील तर बफरचा प्रश्नच येत नाही, ती खाली येतच नाहीत. पाठीवर पत्र्याचा डबा, कमरेला सुती दोरी, वरती गुडगुड आवाज, खालनं बघितलं तर बेडकासारखे मारलेले दोन पाय आणि पोटावर रुतलेली दोरी. मला विचारशील तर उड्यांपेक्षा हे फोटो भारी होतात. एका पोराच्या पाठीला डब्याऐवजी वाळलेला भोपळा बघितला होता मी वाळव्याकडं, आज्जानं बांधून दिलेला, त्याचा एकच फोटो चांगला आला आणि तो सिंगल शॉटवर काढलेला. सगळीकडं मशीनगन चालवायची गरज नाही.

व्हिडिओतनं फोटो उचलू का, हा तुझा शेवटचा प्रश्न राहिला. उचल की. फोरके व्हिडिओची एक फ्रेम साधारण ८ मेगापिक्सेलची असते, स्टेटसला, इन्स्टाला, चार बाय सहाच्या प्रिंटला भरपूर झाली. कार्डावर ताणही कमी, कारण १०० मेगाबिटचा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, बिट आणि बाइटमध्ये आठपटीचा फरक असतो तिथं सगळे गंडतात, तुझं आत्ताचं कार्डही आरामात पुरेल. फक्त शटर ५०० ला ठेव, नाहीतर उचललेली प्रत्येक फ्रेम हललेली निघेल, आणि व्हाइट बॅलन्स पाण्यातच सेट करून घे, इथं रॉ नाही. हाऊसिंगमध्ये हवा खेळत नाही त्यामुळं फोरके लांबवलं की कॅमेरा तापतो, दोन-दोन मिनिटांचेच तुकडे घे आणि मधल्या वेळेत हाऊसिंग उन्हात ठेवू नको, ओल्या टॉवेलात गुंडाळ.

कार्ड काढायची घाई करू नको, हे मी ठेच लागून सांगतोय. बोटीवर आल्या आल्या फोटो बघायचे म्हणून मी हाऊसिंग उघडलं, दिवा पेटलेला होता, दाराला हात घातला, कार्ड बाहेर. सगळा फोल्डर गेला. रिकव्हरी सॉफ्टवेअरनं निम्मे आले, त्यातले काही अर्धे करडे. वर केसांतनं एक थेंब कार्डाच्या पिनांवर पडला तो वेगळाच, खाऱ्या पाण्याचा थेंब महिन्याभरात हिरवा डाग करतो. तेव्हापासून नियम केलाय, डोकं आणि हात टॉवेलनं कोरडे, दिवा विझलाय का काचेतनं बघायचं, कॅमेरा बंद, आणि मगच हाऊसिंगची कडी. विहिरीचं पाणी गोडं असलं तरी तेच. मोठं कार्ड घालून जायचं, म्हणजे मध्ये उघडावं लागत नाही, नुसत्या रॉच्या हिशोबानं ६४ जीबीत दोन हजारांच्या वर फोटो बसतात, एका दुपारला खूप झाले. ओरिंगवर, म्हणजे हाऊसिंगच्या रबरी कड्यावर, केस नाही ना ते दरवेळी बोट फिरवून बघायचं. २०१९ च्या महापुरात माझ्या स्टुडिओत पाणी शिरलं, लाइट, स्टँड, दोन लेन्स, अल्बमचे गठ्ठे सगळं भिजलं, आणि सगळ्यात कोरडं काय निघालं तर हाऊसिंगमध्ये बंद करून ठेवलेला पाण्यातला कॅमेरा.

अजून एक, आणि हे हसण्यावारी नेऊ नको. तू लिहिलंयस की दिवा विझेपर्यंत मी खालीच दम धरून थांबतो. ते आजपासून बंद. दिवा विझायची वाट काठावर बघायची, तोंड पाण्याबाहेर काढून. दम धरायच्या आधी जोरजोरात श्वास घ्यायची सवय असते काही जणांना, त्यानं दम वाढल्यासारखा वाटतो पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यामुळं शरीराला श्वास घ्यायची आठवणच उशिरा होते, आणि माणूस कसलीही धडपड न करता पाण्यातच बेशुद्ध पडतो. पट्टीचे पोहणारेसुद्धा. वर एक पोहता येणारा मोठा माणूस, हातात दोर, आणि त्याचं लक्ष तुझ्यावर आणि पोरांवर, मोबाईलवर नाही. तो नसेल त्या दिवशी कॅमेरा घरी.

बॉडी कधी बदलायची म्हणशील, तर हे सगळं करून, नुसतं रॉ, तीनचा वेग, फेस सोडून दाबायचं, महिनाभर काढून बघ. तरी हवा तो क्षण हातातनं जातच असेल तर मग बघू. पण बॉडी बदलली की हाऊसिंगही बदलतं, प्रत्येक बॉडीचं हाऊसिंग वेगळं, आणि बऱ्याचदा ते बॉडीपेक्षा महाग पडतं, हा खर्च आधी धर. छोटा वॉटरप्रूफ कॅमेराही चालेल तुझ्या कामाला, ऑलिंपसचा टीजी-६ हाऊसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत जातो, रॉ काढतो आणि १२ मेगापिक्सेलचाच असल्यामुळं फाईलीही लहान.

आधी टेस्टचं रेकॉर्डिंग पाठव. आणि मित्राचं कार्ड घालून केलेलंही, दोन्ही एकाच दिवशी, एकाच झाडासमोर काढलेलं.